सकाळपर्यंत थांबेल का?

“भाऊ, मोत्या सकाळपासून काहीच खाऊन नाही राह्यला. काय देऊ त्याले?”

कुत्रं आजारी पडलं की वऱ्हाडात बोलणं साधारण असंच सुरू होतं. सल्ला द्यायला आजूबाजूचे तयारच असतात. एक जण हळद-दूध सांगतो, दुसरा मेडिकलमधून तापाची गोळी आणायला लावतो, तिसरा म्हणतो, राहू दे बाप्पा, कुत्र्याची जात चिवट, गवत खाईल अन् उठेल. तिघांच्याही मनात वाईट काही नसतं. पण ‘काय देऊ’ हा प्रश्न मुळात दुसऱ्या नंबरचा. पहिला प्रश्न असा: हे सकाळपर्यंत थांबेल का?

वडनेर भोलजीत या प्रश्नाला फार वजन आहे. गाव नांदुरा तालुक्यातलं, मलकापूर आणि नांदुऱ्याच्या मधे, जुन्या सहा नंबरच्या म्हणजे आताच्या ५३ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला इकडे सरळ ‘ढोराचा दवाखाना’ म्हणतात, आणि नाव प्रामाणिक आहे. तिथलं काम गाभण म्हशीचं, पोट फुगलेल्या बैलाचं, शेळ्यांच्या लसीचं. पदवी घेतलेला पशुवैद्य कुत्र्याचाही डॉक्टर असतोच, सलाईन-सुई तो करतो. पण रक्तातल्या पेशी मोजायच्या, पोटाची सोनोग्राफी काढायची, रात्रभर जनावर ठेवून घ्यायचं, अशी सोय गावपातळीवर सहसा नसते. त्यासाठी नांदुऱ्याचा १०५ फुटी हनुमान मागे टाकून खामगाव, बाळापूर करत अकोल्याला जावं लागतं. तिथे स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. २००० साली स्थापन झालेल्या, नागपूरला मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची ती संस्था. शिकवण्याबरोबर तिथे जनावरांवर उपचारही होतात. वडनेरहून रस्ता साधारण दोन तासांचा.

मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय १८८३ पासून आहे. २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्टनं केवळ कुत्र्या-मांजरांसारख्या लहान प्राण्यांसाठी पाच मजली इस्पितळ उघडलं. तिथल्या माणसाला चूक परवडते. उशीर झाला तरी टॅक्सी करून तो वीस मिनिटांत पोचतो. वडनेरच्या माणसाला आधी गाडी शोधावी लागते, मग कुत्र्याला गाडीत घेणारा माणूस शोधावा लागतो. म्हणून त्याच्याजवळ औषधांच्या डब्याआधी घड्याळ हवं. कोणता आजार किती तास देतो, याचा अंदाज त्याला यायला हवा.

राज्यात १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर जनावरांसाठी फिरत्या पथकाची सोय आहे. ती मुख्यतः पशुधनासाठी, म्हणजे गाई-म्हशी-शेळ्यांसाठी उभी केलेली. तरी फोन करून ‘कुत्रं आहे, अशी अशी लक्षणं आहेत’ असं विचारायला काही लागत नाही. आणि आपल्या भागातल्या पशुवैद्याचा नंबर कुत्रं धडधाकट असतानाच घेऊन ठेवावा. रात्री अकराला तो शोधणं म्हणजे आग लागल्यावर विहीर खोदणं.

आता घड्याळ वाचायचं कसं?

एक साधा डिजिटल थर्मामीटर कुत्र्यासाठी वेगळा ठेवावा. टोकाला खोबरेल तेल लावून गुदद्वारात हलकेच इंचभर सरकवायचा. माणसाच्या हिशेबानं ९८.६ डोक्यात बसलेलं असतं, त्यामुळे १०१.५ दिसलं की घर घाबरतं आणि गोळी शोधायला लागतं. कुत्र्याचं निरोगी तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०३ च्या पुढे ताप म्हणावा, १०५ च्या पुढे धावपळ करावी, आणि ९९ च्या खाली गेलं तर त्याहून जास्त धावपळ करावी, कारण थंड पडत चाललेलं जनावर तापलेल्यापेक्षा वाईट अवस्थेत असतं. नाक कोरडं म्हणजे ताप, ही समजूत सोडून द्यावी. उन्हात झोपलेल्या कुत्र्याचं नाक कोरडंच असतं.

मग ओठ वर करून हिरड्या बघायच्या. गुलाबी असतील तर थोडा वेळ हाताशी आहे. बोटानं दाबलं की जागा पांढरी होते आणि बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. तीन-चार सेकंद लागत असतील तर रक्ताभिसरण मंदावलंय. पांढऱ्याफटक म्हणजे रक्त कमी किंवा आत कुठे वाहतंय, पिवळ्या म्हणजे कावीळ, निळसर म्हणजे श्वास पुरत नाही. काही गावठी कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग पाहावा. मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडावी. ती लगेच खाली न बसता तंबूसारखी उभी राहिली तर अंगातलं पाणी आटलंय. झोपलेल्या कुत्र्याचे श्वास मिनिटभर मोजावेत, तिसाच्या आत असावेत. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम. निरोगी असताना एकदा करून पाहिलं की आपल्याच कुत्र्याचं ‘नेहमीचं’ काय ते कळतं.

पण हिरड्या बघायच्या म्हणजे तोंडाला हात लावायचा. म्हणून इथे जरा थांबू.

पिसाळलेलं कुत्रं म्हटलं की लाळ गाळत, अंगावर धावून जाणारं जनावर डोळ्यांपुढे येतं. रेबीजचं एक रूप तसं आहे. दुसरं रूप गपगार असतं. कुत्रं कोपऱ्यात, पलंगाखाली, अंधारात जाऊन बसतं. खालचा जबडा लोंबतो, गिळता येत नाही, लाळ गळते, आवाज घोगरा होतो. घरच्यांना वाटतं घशात हाड अडकलं. मायेपोटी कुणीतरी हाड काढायला तोंडात हात घालतं आणि हाताला आधीच खरचटलेलं असतं. चावा घेतलेला नसतो, तरी लाळेतला विषाणू जखमेतून शिरू शकतो. ज्या कुत्र्याला लस टोचलेली नाही, त्याचा जबडा लोंबत असेल, स्वभाव एकदम पालटला असेल, चाल लटपटत असेल, तर आधी त्याला खोलीत किंवा गोठ्यात बंद करावं, मुलांना लांब ठेवावं, आणि पशुवैद्याला बोलवावं. हाड नंतर.

लक्षणं दिसायला लागल्यावर रेबीजवर इलाज नाही, ना कुत्र्याला ना माणसाला. त्याच्या आधी मात्र आहे. लुई पाश्चरनं ६ जुलै १८८५ ला जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचली तेव्हापासून आहे. आपल्याकडे जुन्या माणसांच्या मनात ‘पोटात चौदा इंजेक्शनं’ घर करून बसलीत. ती लस डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये कसौलीत बनवली, मेंढीच्या मेंदूपासून; भारतात ती २००५ च्या सुमारास बंद झाली. आताची लस दंडात, चार-पाच वेळा, आणि सरकारी दवाखान्यात मोफत. चावलेली किंवा लाळ लागलेली जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. पंधरा मिनिटं फार वाटतात, पण निम्मं काम तिथेच होतं. त्यावर मिरची, चुना, हळद काही नको. जखम खोल असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही द्यावं लागतं, ते डॉक्टरांना विचारावं. जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसं रेबीजनं मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि ९९ टक्के वेळा तो कुत्र्याकडून आलेला असतो. तीन महिन्यांच्या पिल्लाला एक लस, मग डॉक्टर सांगतील तसा बूस्टर, मग दरवर्षी. कुत्रं पाळणाऱ्यानं एवढं केलं नसेल तर बाकी लेख वाचून उपयोग थोडाच.

आता जे सकाळपर्यंत थांबत नाहीत त्यांच्याकडे वळू.

मे महिन्यात घाटाखालच्या या पट्ट्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, थोडा फक्त तळव्यांना. बाकी सगळी उष्णता जीभ बाहेर काढून धापा टाकत घालवायची. टिनाच्या शेडखाली साखळीला बांधलेलं, पाण्याचं भांडं कलंडलेलं, अशा अवस्थेत तासाभरात त्याचं तापमान १०६ च्या वर जाऊ शकतं. जीभ लालबुंद, लाळ घट्ट, मग ओकारी, मग लडखडणं. अशा वेळी पहिली गोष्ट सावली, दुसरी साधं पाणी पोट, जांघ आणि पंजांवर ओतत राहणं, तिसरी पंखा. बर्फ घालू नये. त्यानं कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात. ओला टॉवेल नुसता पांघरून ठेवला तर तोच गरम होऊन बसतो. तापमान १०३ वर आलं की पाणी ओतणं थांबवावं आणि निघावं. शुद्धीवर आलं, उठून बसलं, म्हणून घरीच ठेवायचं नाही. मूत्रपिंड आणि यकृताला बसलेला तडाखा दुसऱ्या दिवशी दिसतो. आणि चपट्या नाकाचा पग कुणी वऱ्हाडात पाळत असेल तर त्याच्या हौसेला नमस्कार. उन्हाळ्याचे तीन महिने त्यानं कूलरचं बिल भरायची तयारी ठेवावी.

कपाशीच्या फवारणीचे दिवस ही दुसरी वेळ. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी दगावले, ते अजून विदर्भ विसरलेला नाही. जे विष माणसाच्या नाका-कातडीतून शिरतं, तेच वावरात मालकामागे फिरणाऱ्या कुत्र्याच्या पंजांना लागतं, आणि कुत्रं पंजे चाटतं. फवारणीच्या बादलीतलं पाणी पितं. रानडुकरांसाठी ठेवलेले विषारी कणकेचे गोळे खातं. तोंडातून लाळेची धार, डोळ्यांतून पाणी, बाहुल्या टाचणीएवढ्या बारीक, अंगाला थरथर, हगवण, अशी ऑरगॅनोफॉस्फेट गटाच्या विषाची खूण असते. त्यावर अॅट्रोपिनचं इंजेक्शन असतं, ते ढोराच्या दवाखान्यातही मिळू शकतं. अंगावर विष सांडलं असेल तर हातमोजे घालून साबणानं धुवावं. विषाची बाटली किंवा पुडी सोबत न्यावी. डॉक्टरसाठी तिच्यावरचं नाव मालकाच्या दहा वाक्यांपेक्षा मोलाचं.

उलटी करवायला मिठाचं पाणी पाजण्याची रीत सर्रास आहे. ती घातक आहे. एवढं मीठ स्वतःच विष होतं. तूप, तेल, दूध ओतण्यानंही फायदा नाही, झटके येणाऱ्या जनावराच्या ते फुप्फुसात जातं. उंदराच्या काळ्या पावडरीचं, म्हणजे झिंक फॉस्फाइडचं, आणखी वेगळं. पोटातल्या आम्लाशी मिळून तिचा फॉस्फीन वायू होतो. त्यामुळे अशा कुत्र्याला भाकरी चारू नये, अन्न पाहून आम्ल वाढतं. त्यानं केलेली उलटीही वाकून हुंगू नये, खोलीची दारं उघडावीत; तो वायू आपल्यालाही सोडत नाही. उंदीर मारायच्या रंगीत वड्यांचं म्हणजे ब्रोमाडिओलोनचं घड्याळ उशिरा वाजतं. खाल्ल्यावर तीन-चार दिवस कुत्रं मजेत असतं, मग नाकातून, हिरड्यांतून रक्त. पहिल्याच दिवशी ‘वडी खाताना पाहिलं’ असं डॉक्टरला सांगितलं तर व्हिटॅमिन के देऊन जीव वाचतो. कुत्रं बरं दिसतंय म्हणून गप्प बसलात तर चौथ्या दिवशी पळापळ.

पावसाळ्यात साप. कुत्रं हुंगायला जातं म्हणून दंश बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर. घोणस चावली तर जागा झपाट्यानं सुजते, दुखतं, रक्त थांबत नाही. मण्यार चावली तर सूज थोडी किंवा नाहीच, नाग चावला तर जागा सुजूही शकते, पण दोन्हींत पापण्या जड, मागचे पाय लुळे, श्वास उथळ. चिरा मारणं, चोखणं, करकचून दोरी बांधणं यांतलं काही करू नये. कुत्र्याला चालवू नये, उचलून न्यावं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर जे प्रतिविष माणसाला देतात तेच कुत्र्यालाही चालतं.

महामार्गाबद्दल जास्त सांगायला नको. गाडीची धडक बसलेलं कुत्रं बऱ्याचदा उठून पळतं आणि घरचे म्हणतात, वाचलं. त्याच्या हिरड्या तासभर दर दहा मिनिटांनी पाहाव्यात. गुलाबीच्या पांढऱ्या होत गेल्या तर पोटात रक्त साचतंय. न्यायचं झालं तर सतरंजीवर किंवा फळीवर सरळ उचलावं. दुखावलेलं कुत्रं धन्यालाही चावतं, यात कृतघ्नपणा काही नाही. सुती पट्टी तोंडावरून दोनदा गुंडाळून कानांमागे गाठ मारावी. उलटी करत असेल किंवा धापा टाकत असेल तर मात्र पट्टी नको.

मादीचे दोन प्रसंग घरात कुणाच्या लक्षात येत नाहीत म्हणून सांगतो. विलेली पामेरियन पिल्लं पंधरा-वीस दिवसांची असताना अस्वस्थ होते, धापते, ताठरते, थरथरते. घरच्यांना वाटतं वारं लागलं. रक्तातला कॅल्शियम दुधातून निघून गेलेला असतो. शिरेतून कॅल्शियम मिळालं की ती अर्ध्या तासात उठून बसते. नाही मिळालं तर सकाळ दिसत नाही. दुसरा प्रसंग वयस्क मादीचा. माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांनी ती खूप पाणी प्यायला लागते, खाणं सोडते, मागून कधी पू दिसतो, कधी दिसतही नाही. गर्भाशयात पू भरलाय. हे गोळ्यांवर ढकलत नेण्यासारखं नाही, शस्त्रक्रियेचं आहे, आणि अकोल्याचा रस्ता त्याच दिवशी धरायचा.

आणि पिल्लू. दीड महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंतचं पिल्लू, लस झालेली नाही, आज ओकतंय, उद्या घाणेरड्या वासाची रक्ताची हगवण. बहुधा पार्व्हो. १९७८ च्या सुमारास हा विषाणू जगभर पसरला. मांजरांच्या एका विषाणूचा तो भाऊबंद. तो आतड्याचं अस्तर सोलून काढतो आणि पांढऱ्या पेशी संपवतो. विषाणूला मारणारं सर्वमान्य औषध आपल्याकडे अजून हाताशी नाही. उपचार म्हणजे सलाईन, ओकारी थांबवणं, दुसरा संसर्ग अडवणं, आणि पिल्लाला तीन-चार दिवस तगवणं. म्हणजे खेळ सगळा वेळेचा. मोठ्या कुत्र्याला एखाद-दोन उलट्या झाल्या, बाकी ते शेपूट हलवतंय, तर आठ-दहा तास पोट रिकामं ठेवून, थोडं थोडं पाणी देऊन, मग कांदा-मसाला न घातलेला मऊ भात द्यावा आणि पाहावं. पिल्लाला उपाशी ठेवू नये, त्याची साखर झपाट्यानं उतरते. दूध कोणालाच नको. मोठ्या कुत्र्यांना ते पचत नाही, हगवण वाढते. ज्या अंगणात पार्व्होनं पिल्लू गेलं तिथे विषाणू महिनोन्‌महिने टिकतो आणि फिनाईलला तो दाद देत नाही. ब्लीचिंगच्या द्रावणानं फरशी धुवावी, आणि लस न झालेलं नवं पिल्लू तिथे वर्षभर तरी आणू नये. घरची लहान मुलं दोन दिवसांत नवं पिल्लू मागतात, त्यांची समजूत काढणं हाही उपचारच.

आता थोडं घरगुती उपायांवर. सगळेच वाईट नाहीत. पण काहींनी आजारापेक्षा जास्त कुत्री मारली असतील असं मला वाटतं.

खरूज झालेल्या कुत्र्याला मोटारसायकलचं जळकं ऑईल फासणं हा त्यांतला राजा. किडे गुदमरून मरतात हे खरं. पण कुत्रं ते ऑईल चाटतं, कातडीतूनही ते मुरतं, आणि उन्हात अंग भाजून निघतं. खरूज आता अवघड राहिलेली नाही. मातीतल्या एका जिवाणूपासून आयव्हरमेक्टिन मिळालं, त्यासाठी विल्यम कॅम्पबेल आणि सातोशी ओमुरा यांना २०१५ चं नोबेल मिळालं. तेही मात्र गुरांच्या मापानं कुत्र्याला टोचायचं नाही. कॉलीसारख्या मेंढपाळ जातींत एक जनुक बिघडलेलं असतं आणि हे औषध थेट मेंदूत शिरतं. हे २००१ मध्ये कळलं. गाईच्या गोचिडाचं औषध ‘अंदाजे’ पाण्यात घालून कुत्र्याला आंघोळ घालणंही तसंच. अंदाज चुकला की कुत्रं गुंगतं किंवा झटके देतं.

जखमेत अळ्या पडल्या की रॉकेल, फिनाईल किंवा सीताफळाच्या बियांची पूड. सीताफळ अळ्या मारतं, हे आजीचं ज्ञान खोटं नाही. पण ती पूड डोळ्यांत गेली तर डोळा जाण्याची वेळ येते, आणि रॉकेलनं चांगलं मांसही जळतं. टर्पेंटाइनचा बोळा जखमेवर धरावा, अळ्या वर येतात, त्या चिमट्यानं एकेक काढाव्यात. हे किळसवाणं काम शेवटच्या अळीपर्यंत करावं लागतं, आणि आतली पोकळी बोटाहून खोल असेल तर ते आपलं काम नव्हे.

माणसाच्या गोळ्यांचं सांगायचं तर पॅरासिटामॉल माणसाच्या मापानं दिवसातून तीनदा दिलं तर कुत्र्याच्या यकृतावर बेततं. मांजराला एकही गोळी जीवघेणी. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकनं पोटात जखमा होतात, मूत्रपिंड बसतं. डायक्लोफेनॅक हेच ते औषध, ज्यानं उपखंडातली गिधाडं संपवत आणली आणि जे २००६ मध्ये जनावरांसाठी बंद झालं. माणसांच्या दुकानात ते आहेच, आणि ‘ताप आहे ना, मग ही दे’ म्हणणारे शेजारीही आहेत.

बरं, जे सकाळपर्यंत थांबतं त्याचं काय? थांबणं म्हणजे झोपून जाणं नव्हे. शेवटचं कधी खाल्लं, पाणी किती प्यालं, शी-शू कशी झाली, उलटीचा रंग, ताप किती वाजता किती, हे मोबाइलमध्येच लिहावं. झटका आला तर व्हिडिओ काढावा. दवाखान्यात पोचेपर्यंत कुत्रं सावरलेलं असतं आणि ‘असं असं करत होतं’ म्हणत हातवारे करणाऱ्या मालकाकडून डॉक्टरला निदान करावं लागतं.

या थांबणाऱ्यांतला सगळ्यात फसवा म्हणजे गोचीड-ताप. मोत्या सकाळपासून खाऊन राहिला नाही, त्याचं कारण या भागात पुष्कळदा तेच असतं. सुस्ती, ताप येतो-जातो, वजन उतरतं, कधी नाकातून अचानक रक्त, पोटाच्या कातडीवर लाल-जांभळे ठिपके. गोचीड रक्त पिताना सूक्ष्म जीव रक्तात सोडतं. त्यांतला एक, बबेसिया गिबसोनी, डब्ल्यू. एस. पॅटन यांनी १९१० मध्ये मद्रासच्या शिकारी कुत्र्यांत पहिल्यांदा पाहिला. दुसरा, अर्लिकिया, १९३५ मध्ये अल्जीरियात सापडला. साठच्या दशकाच्या अखेरीस व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैन्याची जर्मन शेफर्ड कुत्री रक्तस्राव होऊन पटापट मरायला लागली, तेव्हा त्याच्याकडे जगाचं लक्ष गेलं. म्हणजे मोत्याचा आजार फौजेतल्या कुत्र्यांनाही झालेला आहे, औषधं मात्र या दोन जीवांवरची वेगवेगळी. अर्लिकियाला डॉक्सिसायक्लिन, बबेसियाला दुसरंच काही. म्हणून रक्ताची काच तपासायला अकोल्याला जाणं फुकट जात नाही.

डॉक्सिसायक्लिन २८ दिवस द्यायचं असतं. पाचव्या दिवशी कुत्रं उठून भाकरी खातं, मांजरामागे धावतं, आणि गोळ्या कपाटात राहतात. आजार हाडांच्या मज्जेत दडून बसतो आणि काही महिन्यांनी परत येतो, तेव्हा रक्त बनवणारी मज्जाच थकलेली असते. गोळी पेढ्यात किंवा दुधात देऊ नये, दुधातला कॅल्शियम औषध बांधून ठेवतो. भाकरीच्या कुस्करलेल्या गोळ्यात द्यावी आणि वरून पाणी पाजावं, नाहीतर ती घशात अडकून जखम करते.

आणि या २८ दिवसांत एक काम कुत्र्याला सोडून करायचं. कुत्र्यावरचं तपकिरी गोचीड आयुष्याचा फार थोडा काळ कुत्र्यावर असतं. पोट भरलं की उतरतं, भिंतीवर चढतं, फटीत शिरतं, कात टाकतं, मादी तिथे हजारांनी अंडी घालते, आणि पोटात काही नसताना महिनोन्‌महिने वाट पाहू शकतं. मोत्याला आंघोळ घालून, एकेक गोचीड मुळाशी चिमट्यात धरून सरळ ओढून काढलं, तरी ते सगळे आलेले पाहुणे. घर भिंतीत असतं. पोतं उन्हात वाळवायचं किंवा जाळून टाकायचं. गोठ्याच्या कुडाच्या, पडवीच्या दगडांच्या फटी बॅटरी लावून पाहायच्या, डॉक्टरांनी सांगितलेलं औषध कुत्र्याला लांब बांधून तिथे फवारायचं, फटी सिमेंटनं लिंपायच्या, आणि पंधरवड्यानं पुन्हा पाहायच्या, कारण अंडी औषधानं मरत नाहीत. एव्हाना मोत्या दारात पाय ताणून पडलेला असतो आणि आपला धनी गुडघ्यावर बसून भिंतीच्या भेगेत काय शोधतोय, ते एक कान वर करून बघत असतो.